येसूच्या रिंगणातली खुर्ची

मी खुर्ची. लोखंडी, घडीची. पाठीवर एका मंडपवाल्याचं नाव अजून अर्धंमुर्धं वाचता येतं. खुर्चीला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल, आणि ते खरंही आहे. लोक येतात, बसतात, उठून जातात. पण माझ्या वाट्याला एक घर आलं आणि त्या घरात चाकांवर नाचणारी एक मुलगी होती, म्हणून थोडं सांगते.

माझा जन्म बडोद्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. माझ्यासारख्या पुष्कळ जणी त्या दिवशी झाल्या. आम्हाला एकदमच हिरवा रंग मारला, एका दोरीनं बांधलं आणि मंडपवाल्याच्या टेम्पोत टाकलं. पुढची काही वर्षं मी लग्नं, बारशी आणि भाषणं यांत काढली. भाषणांना बसणारी माणसं फार चुळबुळतात. माझा मागचा डावा पाय त्यातच वाकला.

मग एका गणपतीत आम्ही कारेलीबागेतल्या एका सोसायटीत गेलो. विसर्जनानंतर मंडपवाल्याची माणसं खुर्च्या मोजून घेऊन गेली आणि मी जिन्याखाली तशीच राहिले. दुसऱ्या दिवशी जयवंतराव नावाच्या गृहस्थांनी मला सायकलच्या कॅरियरला बांधलं आणि परत करायला नेलं. मंडपवाला म्हणाला, राहू द्या काका, ती डुगडुगते. जयवंतरावांनी मला पुन्हा कॅरियरला बांधलं, घरी आणलं आणि वाकड्या पायाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. त्यानंतर मी कधी डुगडुगले नाही.

जयवंतरावांचे वडील गायकवाडी रिसाल्यात घोडेस्वार होते. स्वतः जयवंतराव पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते आणि घोड्याशी त्यांचा संबंध भिंतीवरच्या फोटोपुरता होता. पण बसण्याची रीत वडिलांची होती. ते पाठ टेकत नसत. माझ्या पाठीला आधी याचं वाईट वाटलं, मग सवय झाली. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. मी आले त्याच्या आदल्या वर्षी त्यांची पत्नी वारली होती आणि तेव्हापासून ते फारसे घराबाहेर पडत नव्हते. सायकलवरून मला घेऊन जाणं हाच त्यांचा त्या महिन्यातला मोठा प्रवास होता, असं सूनबाई शेजारणीला सांगत होत्या.

सूनबाई म्हणजे निरुपमा, प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांचे यजमान कागदावर प्रतापसिंहराव, पण कोयलीच्या रिफायनरीत त्यांना प्रतापभाई म्हणत. दोन मुलं. थोरला फत्तेसिंह, त्याला फत्ते म्हणत. धाकटीचं नाव पणजीवरून येसूबाई ठेवलं होतं. ती येसू.

या घराची एक रीत होती. एकाचं काम निघालं की सगळे निघायचे. फत्तेचा दात दुखला तर डॉक्टरकडे चौघं जायची. पाचवा घर बघायला थांबायचा आणि त्याला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. प्रतापरावांच्या चपला घ्यायला सगळं घर गेलं होतं आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत दुकान बंद व्हायची वेळ आली होती.

येसू सात वर्षांची असताना टीव्हीवर एक बाई बर्फावर गोल गोल फिरताना दिसली. येसूनं विचारलं, हे कुठे शिकवतात. बडोद्यात बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, नाहीतर उसाच्या रसातला. कुणाला काही सुचेना. प्रतापरावांनी कामावर चौकशी केली तेव्हा कळलं, की हेच सगळं, म्हणजे गिरक्या, उड्या आणि एका पायावरची वळणं, चार चाकांचे बूट घालून सिमेंटवरही करतात, संगीत लावून करतात आणि त्याच्या स्पर्धा होतात. शिकवणारे लक्ष्मीकांत सर हरणीला राहत. ते म्हणाले, जागा द्या, मी येतो.

जागा होती. सोसायटीच्या मधोमध मोकळं मैदान होतं, त्याला सगळे कॉमन प्लॉट म्हणत. त्यात बॅडमिंटनसाठी केलेलं सिमेंटचं अंगण होतं. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येक मुलाला घरून एक खुर्ची आणायला सांगितलं. चाकांवर पहिल्यांदा उभं राहताना काहीतरी धरायला लागतं. खुर्ची समोर ढकलत ढकलत मूल पुढे जातं. येसूच्या घरून मी आले आणि माझ्यामागून सगळं घर आलं.

येसूनं माझी पाठ दोन्ही हातांनी धरली आणि मला ढकललं. फत्ते शेजाऱ्यांचं स्टूल ढकलत होता. मी सिमेंटवर जो आवाज काढला तो ऐकून समोरच्या कांताबेन गॅलरीत आल्या. सांगायला हरकत नाही, की लग्नं-भाषणांत मला इतकं महत्त्व कधी मिळालं नव्हतं. त्या पोरीचा सगळा भार माझ्यावर होता. ती घाबरली की तिची बोटं गार व्हायची, ते मला पाठीवर कळायचं. मग हळूहळू बोटं सैल झाली आणि एक दिवस ती मला सोडून चार पावलं गेली.

त्या आठवड्यात बाकीच्या मुलांच्या खुर्च्या घरी गेल्या. मी राहिले. कारण सरांनी गोल शिकवायला घेतला होता. गोलाच्या मध्यावर मला ठेवलं, माझ्या पायाला सुतळी बांधली आणि खडूनं वर्तुळ काढलं. येसूनं त्या रेघेवरून एका पायावर जायचं. काम झाल्यावर सरांनी सुतळी सोडली. मला उचलायला ते वाकले, तेवढ्यात आबा म्हणाले, राहू दे, गोल बिघडायला नको. आणि ते माझ्यावर बसले.

तेव्हापासून रोज सकाळी असंच सुरू झालं. प्रतापराव आधी अंगण झाडायचे. वाळूचा एक कण चाकाखाली आला तरी पोरगी तोंडावर पडते, म्हणून ते रात्रपाळीहून आले तरी अंघोळीआधी झाडू घ्यायचे. निरुपमाबाई पिना, पाण्याची बाटली आणि ग्लुकोज घेऊन कडेला उभ्या. शाळेच्या साड्यांतून उरलेल्या फॉलची लेस करून त्यांनी येसूचा झगा शिवला होता. फत्तेचा उत्साह नववीत ट्यूशन लागेपर्यंत टिकला. त्यानंतर तो टेपरेकॉर्डर सांभाळायचा. आणि मध्यावर मी, माझ्यावर ताठ बसलेले आबा, काळी टोपी घालून. येसू भोवती फिरायची. समोरून गेली की आबा एकच शब्द म्हणायचे, "खांदे." खांदे पडलेले त्यांना चालत नसत. गिरकी घेताना नजर एका ठिकाणी ठेवायची असते. येसू ती काळ्या टोपीवर ठेवायची.

कांताबेननी एकदा गॅलरीतून विचारलं, "जयवंतभाई, छोकरी रोज तुम्हाला फेरे घालते. कांई मानता छे?" नवस बोलला आहात का, असं त्यांना विचारायचं होतं. आबांनी सांगितलं की नवस नाही, सराव आहे. कांताबेन म्हणाल्या, एकच झालं.

आबा आता पहाटे सगळ्यांच्या आधी तयार असायचे. भाजीवाल्याशी ते चाकांबद्दल बोलू लागले होते. निरुपमाबाई म्हणायच्या, आबांना माणसांत आणलं ते या खुर्चीनं. मी लोखंडाची आहे, तरी हे ऐकून बरं वाटलं.

जिल्ह्याची स्पर्धा आमच्याच प्लॉटवर व्हायची. दुसऱ्या मुलांच्या वेळी मला उचलून बाजूला ठेवायचे आणि येसूचं नाव पुकारलं की फत्ते मला आणून मध्यावर मांडायचा. आबा मांडीवर हात ठेवून बसायचे. सर काही बोलत नसत, कारण आबा वयानं मोठे. येसू पहिली यायची. असं तीन वर्षं चाललं आणि एवढ्या माणसांच्या घरात एकाच्याही मनात आलं नाही, की दुसऱ्या गावी रिंगणात खुर्ची नसते.

ते अहमदाबादला कळलं. राज्याची स्पर्धा होती. आगगाडीनं आम्ही सहाजण गेलो, म्हणजे पाच माणसं आणि मी. आबांनी मला मांडीवर धरलं होतं. मैदान मोठं, गुळगुळीत, भोवती लोखंडी कठडा. येसूचं नाव पुकारल्यावर फत्ते नेहमीप्रमाणे मला घेऊन आत निघाला. शिट्टीवाले गृहस्थ धावत आले. हे काय, म्हणाले. फत्ते म्हणाला, खुर्ची. ती दिसतेय, पण कशाला, असं त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, मी बसत नाही, नुसती खुर्ची राहू द्या. ते म्हणाले, नियमात खुर्ची बसत नाही.

मग मला कठड्याबाहेर एका कोपऱ्यात मांडलं आणि आबा बसले. संगीत सुरू झालं. येसूनं मध्यावरून सुरुवात केली, एक वळण घेतलं, दुसरं घेतलं आणि सरकत सरकत आमच्याकडे आली. तिच्या सगळ्या गिरक्या आमच्यासमोर झाल्या. मी हात केला असता तर लागला असता, इतक्या जवळ. एवढं मोठं मैदान मोकळं पडलं होतं आणि आमच्या कोपऱ्यात गर्दी होती. परीक्षक पलीकडच्या बाजूला बसले होते. त्यांना तिची पाठ दिसली असेल. शेवटच्या उडीत तिचा हात कठड्यावर आपटला. सातात सहावी आली.

परतीच्या गाडीत सगळे बोलत होते. प्रतापराव म्हणाले, फरशी फार गुळगुळीत होती. निरुपमाबाई म्हणाल्या, दिवे डोळ्यांवर येत होते. फत्ते म्हणाला, त्यांचा स्पीकर फाटका होता. आबा म्हणाले, पुढच्या वर्षी आधी जाऊन वरच्या साहेबांना भेटू आणि खुर्चीची परवानगी घेऊ. येसू हाताला बांधलेला रुमाल सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

पुढचं वर्ष तिच्या वयोगटातलं शेवटचं होतं. पहिल्या दोघींना गुजरातच्या संघात घेणार होते. नाही झालं तर पुढच्या गटात थोराड मुली, तिथे तिचा निभाव लागायला अजून दोन-तीन वर्षं, आणि तेवढ्यात दहावी येते. दहावी आली की मुली खेळ सोडतात, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी प्रतापरावांना सांगितलं, की पोरीला मध्य स्वतःचा स्वतः सापडला पाहिजे, खुर्ची काढा. प्रतापराव म्हणाले, सर, तुम्हीच आबांना सांगा. सर घरी आले, चहा घेतला, चिवडा खाल्ला, रिसाल्यातल्या घोड्यांविषयी बरीच माहिती घेतली आणि जाताना दारात निरुपमाबाईंना म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगितलेलं बरं."

निरुपमाबाईंनी सांगितलं नाही. त्यांनी मला गंज चढलाय म्हणून आदल्या संध्याकाळी निळा रंग दिला, म्हणजे सकाळी मी ओली राहीन. आबांनी स्वयंपाकघरातलं स्टूल नेलं. मग प्रतापरावांनी मला वेल्डिंगवाल्याकडे नेलं आणि पायाचं काम सावकाश कर, घाई नाही, असं सांगितलं. स्टूलही त्याच दिवशी कांताबेनना हवं होतं. आबा बादली उपडी घालून बसले. बादलीवरही ते ताठच बसत होते, असं मी परत आल्यावर ऐकलं.

कुणी कुणाला दुखवायचं नाही, हीही त्या घराची रीत होती. तिच्यापायी रंग आणि वेल्डिंग वाया गेलं.

शेवटी येसूच बोलली. सकाळची वेळ होती. ती गिरकीत पडली, उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "आबा, तुम्ही मध्ये बसता ना, मग मला तुम्हीच दिसता. दुसरं काही दिसत नाही."

आबांनी थोडा विचार केला. उठले, मला उचललं आणि अंगणाच्या कडेला नेऊन बसले. दोन दिवस गेले. येसू कडेकडेनंच फिरत राहिली. एकदा तर उभ्या केलेल्या स्कूटरींत गेली. तिथून बाहेर येऊन ती पुन्हा समोर उभी राहिली. "आबा, कडेला पण नको."

"मग कुठे बसू?"

"घरी."

प्रतापरावांचा झाडू थांबला. निरुपमाबाई बाटलीचं झाकण उघडत होत्या, ते अर्धंच राहिलं. आबांनी विचारलं, "आणि घरी बसून काय करू?"

तो प्रश्न त्यांनी खरोखरच विचारला होता, म्हणून येसूनंही खरोखरच विचार केला. ती म्हणाली, "चहा प्या."

कुणी हसलं नाही. आबांनी माझी घडी केली. बिजागरी करकरली, तेवढाच आवाज. घरापर्यंत त्यांनी मला हातात धरलं होतं, बगलेत घेतलं नाही. येसू घाबरली की तिची बोटं गार व्हायची, ते मी सांगितलंच आहे. त्या दिवशी आबांची होती.

घरी त्यांनी मला मागच्या गॅलरीत मांडलं. तिथून प्लॉट दिसत नाही, मध्ये कांताबेनची भिंत आहे. पण सिमेंटवर फिरणाऱ्या चाकांचा आवाज येतो. पहिल्या दिवशी चहा गार झाला. आवाज जवळ आला की आबा भिंतीला सांगत, "खांदे." दुसऱ्या दिवशीही सांगितलं. मग केव्हातरी सांगायचे थांबले. आवाज संपायच्या आत उठून ते भाजीला जाऊ लागले. घरात भाजी चांगली येऊ लागली.

पोरीचं सुरुवातीला आणखी बिघडलं, हे मला जेवणाच्या गप्पांतून कळत होतं. ती कधी कुंपणाकडे जाई, कधी जिन्याकडे. सर म्हणत, जाऊ द्या, शोधू द्या. एका रात्री फत्ते जेवताना म्हणाला, की आज येसू जिथे सुरू झाली तिथेच संपली. आबांनी वरण वाढून घेतलं आणि विचारलं, मग उड्या कशा झाल्या. येसूनं सांगितलं. त्यांनी फक्त ऐकलं.

अहमदाबादच्या दिवशी आबा पहाटे उठले. कोट घातला, टोपी घातली, सगळ्यांबरोबर जिना उतरून खाली गेले, पिशवी रिक्षात ठेवली आणि परत वर आले. घर बघायला कुणी आपणहून थांबण्याची त्या घरातली ती पहिली वेळ. कोट न काढता ते माझ्यावर बसले आणि दुपारच्या सुमारास त्यांनी पाठ टेकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाठ बरीच अरुंद होती. मला ती रुंद वाटायची.

संध्याकाळी सगळे आले. येसू दुसरी आली होती. संघात निवड झाली होती. प्रतापराव सांगत होते, निरुपमाबाई सांगत होत्या, एकाच वेळी. येसू मैदानाच्या बरोबर मध्यावर फिरली आणि शेवटी परीक्षकांकडे तोंड करून थांबली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवायला बसा म्हणाले.

जेवताना बेत सुरू झाले. राष्ट्रीय स्पर्धा बंगळूरला, आधी पंधरा-वीस दिवसांचं शिबिर, तिथे फक्त मुलींना राहता येणार. प्रतापराव रजा टाकणार होते. निरुपमाबाईंच्या मावसबहिणीच्या दिरांचं बंगळूरला घर होतं, तिथे चौघांची सोय होईल का बघायचं ठरलं. फत्ते टेपरेकॉर्डर घेणार होता. शिबिराच्या कुंपणाबाहेर उभं राहायला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. येसू ताटाकडे बघत होती. भाकरीचा तुकडा तिनं मोडला होता, पण तोंडात घातला नव्हता.

आबा म्हणाले, "कुणी जायचं नाही."

प्रतापराव म्हणाले, "आबा, पोर बारा वर्षांची आहे. इतकं लांब."

"सर आहेत, संघातल्या मुली आहेत. आपण स्टेशनवर जाऊ. गाडी सुटली की घरी येऊ." मग ते सून आणि मुलाकडे बघून म्हणाले, "पहिले आठ दिवस हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. मी सांगेन तुम्हाला."

येसूनं भाकरी खाल्ली.

स्टेशनवर मला नेलं नाही. पण दुसऱ्या दिवशीची सकाळ मी बघितली. सवयीनं सगळं घर पहाटे उठलं. प्रतापराव झाडू घेऊन दारापर्यंत गेले आणि उभे राहिले. निरुपमाबाईंनी बाटली भरली आणि ओट्यावर ठेवून दिली. फत्ते कुणी न सांगता अभ्यासाला बसला, त्यावरून घराची अवस्था लक्षात येईल. आबांनी सगळ्यांना गॅलरीत बोलावलं. प्रतापरावांना माझ्यावर बसवलं आणि स्वतः आत चहा टाकायला गेले. त्यांना चहा करता येत नव्हता. तरी सगळ्यांनी प्यायला.

बंगळूरला येसू नववी आली. तिचं पत्र मुख्यतः जेवणाबद्दल होतं.

आता या सगळ्याला पुष्कळ वर्षं झाली. आबा गेले. घर हरणीला, विमानतळाच्या बाजूला आलं. येसू नाशिकला असते, मुलांना स्केटिंग शिकवते. निरुपमाबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या आता उंच पलंगावर बसतात आणि मी गॅलरीत असते. माझ्यावर वाळवणाचं ताट ठेवतात. निळा रंग उडून खालचा हिरवा दिसायला लागला आहे. फत्ते दर दिवाळीला म्हणतो, आई, ही भंगारात देऊन टाकू. निरुपमाबाई म्हणतात, बघू. यंदा त्यांनी बघू म्हणायला जरा वेळ लावला, तेव्हा मी तयारीत आहे.

खाली सोसायटीत हल्ली स्केटिंगचा क्लास चालतो. मुलांच्या चाकांत दिवे लागतात. आया आणि वडील प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन येतात. रोज थोड्या पुढे सरकवतात. परवा एक खुर्ची रिंगणाच्या रेघेवर आली होती. तीत बसलेली बाई वाईट नव्हती. तिच्या हातात सोललेली संत्री होती.

जाण्याआधी माझी एवढीच विनंती आहे. मूल पहिल्यांदा उभं राहत असेल तेव्हा त्याला खुर्ची जरूर द्या, आणि जड द्या, हलकी सरकते. त्याचा सगळा भार घ्या. मग एखाद्या सकाळी ते म्हणालं, घरी जा, तर खुर्चीची घडी करा आणि जा. वाटेत शेजारी विचारतील, आज इतक्या लवकर कुठे निघालात. घरी निघालो, म्हणून सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.